गच्चीवरून पडलेला तिसरा गुंड

सिनेमात हिरोचा ठोसा खाऊन जो माणूस गच्चीवरून खाली येतो, तो मी आहे. कठड्यापर्यंत दुसरा कोणीतरी असतो. तिथून पुढे मी. शूटिंगवाले मला डमी म्हणतात. मला ते नाव फारसं आवडत नाही, पण माझं मत कोणी विचारलेलं नाही.

माझा जन्म नाशिकला पंचवटीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. गोधड्या शिवणाऱ्या कुसाबाईंनी मला शिवलं. अंग जुन्या चादरींचं, पोटात काथ्या आणि चिंध्या. पडताना मी पतंगासारखा तरंगू नये म्हणून कंबरेत आणि पायांत वाळूच्या पुरचुंड्या. डोकं भरून झालं तेव्हा त्यांनी माझ्या मालकाला, यादवमामांना विचारलं, "ह्याला नाक-डोळे काढू का?"

"नको," मामा म्हणाले. "तोंड दिसायच्या आत शॉट संपतो."

"मग ह्यो मेला हे लोकांना कळतं कसं?"

"धप्पकन आवाज येतो ना. तो मागून टाकतात."

कुसाबाईंनी मान हलवली आणि मानेला शेवटचा टाका घातला. तो टाका अजून पक्का आहे.

यादवमामांचा धंदा शूटिंगला सामान पुरवायचा. लाकडी बंदुका, पोलिसांच्या वर्द्या, न फुटणाऱ्या आणि लगेच फुटणाऱ्या अशा दोन्ही बाटल्या, स्ट्रेचर आणि मी. नाशिकच्या आसपास मारामारीचं काही निघालं की मला टेम्पोत घालून नेत. व्हिलनचा बंगला नेहमी द्राक्षबागेत असायचा. त्याचा अड्डा अंबडच्या एखाद्या बंद कारखान्यात. तिथे गुंड रिकाम्या पिंपांवर पहारा देत. पिंपात काय आहे हे त्यांनाही ठाऊक नसे.

मी पुष्कळ प्रकारचे लोक म्हणून पडलो आहे. व्हिलनचा माणूस म्हणून तर नेहमीच. मफलर गुंडाळलेला खबऱ्या म्हणून पडलो. अर्धं गुपित सांगून झालेला शास्त्रज्ञ म्हणून पडलो; शास्त्रज्ञ उरलेलं अर्धं कधीच आधी सांगत नाहीत. साखरपुडा ठरलेला हिरोचा मित्र म्हणूनही पडलो. एकदा मला साडी नेसवून हिरोची बहीण केलं. तेव्हा माझ्यावर बराच वेळ कॅमेरा होता, कारण माझ्यामुळे हिरोला राग यायचा होता. व्हिलनचा माणूस मेला की कोणालाच काही होत नाही, म्हणून त्याचं लवकर आटपतं.

हिरो म्हणून मात्र मी एकदाही पडलो नाही. हिरो पडला की खाली काहीतरी असतंच: गवताची ट्रॉली, दुकानाची ताडपत्री, नदीचं पाणी. माझ्याखाली फरशी असते.

कठड्यापर्यंतचं काम बहुतेक वेळा अश्विन करायचा. अश्विन पगारे, नाशिक रोडचा. जेलरोडला एका जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवायचा आणि शूटिंग असलं की यायचा. उंच, रुंद, काळासावळा, भुवया जाड. त्याला बघितल्यावर कोणताही दिग्दर्शक फार विचार करत नसे. "हा गुंड," एवढंच म्हणे. गुंडांना नावं नसत. एक, दोन, तीन असे आकडे असत. अश्विन बहुधा तीन असे.

आमचं दोघांचं एकच पात्र. तो मार खायचा, मी मरायचो. म्हणून आमचे कपडेही सारखे. मला कपडे चढवताना तो माझे हात हळू ओढायचा. दुसरे लोक पोत्यात हात घालावा तसा घालत. "भाऊ, आज तीन मजले आहेत," असं तो आधी सांगून ठेवायचा. मला त्याने काही फरक पडत नव्हता, पण सांगितलेलं बरं वाटायचं.

त्याची आई, लताबाई, आयुष्यभर अंगणवाडीत काम करून आता घरी होत्या. मुलगा शूटिंगला जातो हे त्यांना माहीत होतं. काय करतो हे त्याने नीट सांगितलं नव्हतं.

मग ती वेबसिरीज आली. दिग्दर्शक मुंबईचे, शेखर नावाचे. त्यांच्या माणसाने अश्विनला सांगितलं की तुला हवालदाराचं काम आहे, एक वाक्यही आहे. वाक्य होतं, "साहेब, गाडी सापडली." अश्विन मामांच्या गोदामात येऊन ते मला म्हणून दाखवायचा. कधी धापा टाकत, कधी दबक्या आवाजात. एकदा तर डोळ्यांत पाणी आणून. यादवमामा म्हणाले, "अरे, गाडी सापडली, भाऊ नाय सापडला."

घरी त्याने सांगितलं, आई, पोलीस झालोय. लताबाईंनी शेजारच्या चंद्रभागाबाईंना सांगितलं. म्हणजे कॉलनीला कळलं.

शूटिंगसाठी एक साधी वस्ती हवी होती. अश्विननेच आपली कॉलनी सुचवली. विहारात बसून सगळ्यांची परवानगी घेतली. लोक खूश होते. त्यांनी दारं धुतली, कुंड्या मांडल्या, एकाने जिन्याला नवा रंग दिला. ती सिरीजमध्ये गुंडांची वस्ती असणार आहे हे अश्विनला कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी मी टेम्पोतून उतरलो तेव्हा सजावटवाले गल्लीत कचरा टाकत होते. तो त्यांनी बाहेरून पोत्यांत भरून आणला होता, कारण गल्लीत पुरेसा निघाला नाही. भिंतींवर काजळी मारली. दोऱ्यांवर फाटके कपडे टांगले. एकाने विहाराच्या भिंतीला काळं करू का असं विचारलं. बायकांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो दुसरीकडे गेला.

लताबाई घरातून खराटा घेऊन आल्या आणि कचरा गोळा करू लागल्या. शेखरसरांची मदतनीस वेदिका धावत आली. "मावशी, तो कचरा आमचा आहे."

"हो का," लताबाई म्हणाल्या. "मग इथे का पडलाय?"

वेदिकाने समजावलं. लताबाईंनी ऐकून घेतलं आणि आत गेल्या. थोड्या वेळाने गल्ली पुन्हा स्वच्छ होती. असं दोनदा झालं. शेवटी सजावटवाल्यांनी एक माणूस कचऱ्याच्या राखणीला बसवला.

इकडे अश्विन वर्दी घालून तयार झाला. वर्दी यादवमामांचीच, पण त्या दिवशी तिला इस्त्री होती. शेखरसरांनी त्याला इन्स्पेक्टरच्या मागे उभं केलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा मागे उभा राहिला की इन्स्पेक्टरचाच जीव धोक्यात वाटतो," ते म्हणाले. रागावून नाही. दुधात पाणी आहे असं सांगावं तसं.

वर्दी उतरवून एका गोऱ्या मुलाला दिली. त्याला ती सैल होत होती, म्हणून मागून चिमटे लावले. अश्विनला काळी बंडी दिली आणि गालावर वार चिकटवला. मलाही काळी बंडी मिळाली. ती घालताना त्याने मला मजले सांगितले नाहीत.

लताबाई दारातच उभ्या होत्या. "वर्दी कुठे?"

अश्विनने क्षणभर विचार केला. "साध्या वेशातला पोलीस आहे मी, आई."

"आणि गालाला काय झालं?"

"गुप्त कामगिरीत लागलं."

लताबाईंचं समाधान झालं. त्यांनी लगेच चंद्रभागाबाईंना सांगितलं, "साध्या वेशातले जास्त हुशार असतात. सगळ्यांना नाही देत ते काम."

शॉट असा होता. गुंड तीन एका दारात पहारा देत उभा आहे. हिरो येतो. गुंड जिन्याने गच्चीवर पळतो. हिरो मागोमाग. ठोसा. कठडा. मी. पहाऱ्यासाठी सरांनी जे दार निवडलं ते लताबाईंचं होतं, कारण प्रकाश तिथे चांगला पडत होता.

अश्विन दारात उभा राहिला, पळाला, मार खाल्ला. लताबाई लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीमागून बघत होत्या. तो कठड्यावर ओणवा झाला, सर "कट" म्हणाले. लताबाईंना वाटलं झालं. त्या कुकर लावायला मागच्या दाराने घरात गेल्या.

मला कठड्यावर आणलं. अश्विन बाजूला झाला. मी पडलो.

नेमक्या त्याच वेळी लताबाई पुढच्या दारातून बाहेर आल्या. त्यांनी एवढंच बघितलं की काळ्या बंडीतला माणूस वरून आला आणि त्यांच्या दारासमोर आदळला.

त्या ओरडल्या नाहीत. दोरीचा, कॅमेऱ्याचा, कशाचाच विचार न करता त्या आल्या, फरशीवर बसल्या आणि मला त्यांनी उताणं केलं. तिथे नाक-डोळे नव्हते. कापड होतं. त्यांना कळलं. पण त्या उठल्या नाहीत. माझी बंडी वर सरकून पोटाची शिवण उघडी पडली होती. त्यांनी ती बंडी खाली ओढून नीट केली. दोन्ही हातांनी, कडेपासून कडेपर्यंत. मी इतक्या वेळा पडलो, पण पडल्यावर मला कोणी नीट केलं नव्हतं. पाय धरून ओढून नेत.

अश्विन जिन्यावरून धावत आला. "आई, मी वर होतो. हा डमी आहे."

"माहितीये," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पण पोलिसाला का ढकललं त्याने?"

अश्विन खाली बसला. गालावरचा वार त्याने सोलून काढला. "पोलीस नाही मी, आई. गुंड आहे. तिसरा."

लताबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय केलं होतं ह्याने?"

अश्विनला माहीत नव्हतं. त्याने सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "तो व्हिलनचा माणूस आहे, मावशी."

"ते कळलं. पण ह्याने केलं काय?"

सरांनी वेदिकाकडे बघितलं. वेदिकाने आठवून बघितलं. तिला खरंच सांगायचं होतं, पण काही सापडेना. शेवटी ती म्हणाली, "दारात उभा होता."

"कोणाच्या?"

हिरो छत्रीखाली बसला होता, त्याने फोन खाली ठेवला.

"तुमच्याच," वेदिका म्हणाली.

लताबाई उठल्या. पदराने हात पुसले. कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या होत्या, त्या आत गेल्या.

शॉट पुन्हा घ्यावा लागणार होता, कारण आई कॅमेऱ्यात आली होती. सरांनी अश्विनला वर जायला सांगितलं. अश्विन माझ्याजवळ उभा होता. तो म्हणाला, "सर, तेवढं राहू द्या ना. आईसकट."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते पडद्यावर दोनदा पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण नाही चालणार. गुंडाला आई दिली तर हिरोला वकील द्यावा लागेल."

"मग मला परत नाही जमणार, सर," अश्विन म्हणाला. "इथून नाही. या दारातून नाही."

तो हे मोठ्याने बोलला नाही. सरांनी घड्याळाकडे आणि उन्हाकडे बघितलं. "ठीक आहे. आई कॅमेऱ्यात यायच्या आधीपर्यंतचं वापरू," ते म्हणाले, आणि सगळे पुढच्या जागी निघाले. कचरा तिथेच राहिला. तो लताबाईंनी आणि चंद्रभागाबाईंनी संध्याकाळपर्यंत गोळा केला. तेव्हा कोणी अडवायला नव्हतं.

त्या कंपनीने अश्विनला पुन्हा बोलावलं नाही. पुढे एका जाहिरातीत त्याला पोलीस मिळाला. हेल्मेट घातलेला, काच खाली केलेला.

आता माणसं कॉम्प्युटरवर पाडतात. त्यांना शिवण लागत नाही आणि टेम्पोही लागत नाही. यादवमामांनी गोदाम आवरलं तेव्हा अश्विन मला स्कूटरवर मागे बांधून घेऊन आला. मी जिममध्ये असतो. तिथे तो मुलींना स्वतःचा बचाव कसा करायचा हे शिकवतो. त्या मला खांद्यावरून आपटतात, मग हात देऊन उभं करतात. काथ्या दबला आहे, एक पुरचुंडी फुटून वाळू सांडते. रविवारी तो मला घरी नेतो आणि लताबाई टाके घालतात.

तुमच्याकडे माझं फार मोठं मागणं नाही. सिनेमा तुम्ही बघाच, मारामारीही बघा. फक्त वरून कोणी पडला तर लगेच हिरोच्या तोंडाकडे वळू नका. क्षणभर खाली बघा. तो कोणाच्या दारात पडलाय ते बघा.

सिरीज आली त्या रविवारी मी घरीच होतो, पोट उसवलेलं, खुर्चीत. अश्विनने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. लताबाई सुई हातात घेऊन बघत होत्या. आपली गल्ली त्यांना आधी ओळखूच आली नाही. मग दार आलं, जिना आला, ठोसा आला. मी कठड्यावरून निघालो, हात पसरलेले, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत आलो. तिथेच चित्र बदललं. हिरो मोटारसायकलवर बसून चालला होता.

लताबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. "तो खाली आलाच नाही."

"नाही," अश्विन म्हणाला. "तिथेच कापलं त्यांनी."

"म्हणजे आपटला नाही."

"यात तरी नाही."

"बरं झालं," लताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.