निरोगी नमुना

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. बारा वर्षं ती एकाच एन्झाइमच्या मागे हात धुऊन लागली होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना इशारा मिळाला की त्या खवळतात. मग हे एन्झाइम त्यांना आवरतं, बास झालं म्हणून सांगतं. ते कमी पडलं की पेशी गप्प बसायचं नाव घेत नाहीत. रुग्णांच्या रक्तात ते किती आहे, हे ताई मोजायची.

तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागे. सुरुवातीला तिने सगळ्यांच्या मिनतवाऱ्या केल्या. कुणाला सुई नको, कुणाला वेळ नाही. शेवटी तिने स्वतःचीच बाही वर केली. दर महिन्याला एक नळी. तिच्या रक्तातला आकडा म्हणजे शंभर. बाकीच्यांचे आकडे त्या मापाने.

यंदा प्रमुख मॅडमनी नियम बदलला. निरोगी नमुने वीस जणांचे हवेत. दुपारी आकडे आले आणि ताईला वाटलं, यंत्रच बिघडलंय. कुणाचे एकशे नव्वद, कुणाचे दोनशे दहा. तिने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना जेवण राहून गेलं. यंत्र ठणठणीत होतं. कमी होतं ते तिच्याच रक्तात, इतरांच्या निम्मं.

ती तडक मॅडमकडे गेली. "मॅडम, बारा वर्षांचे आकडे चुकलेत. माप माझं होतं, आणि माझंच कमी आहे."

मॅडमनी कागद दोनदा पाहिले. "आकडे आपण परत काढू. जिथे शोधनिबंध छापून आलेत तिथे दुरुस्ती पाठवू. पण तुला काही त्रास?"

अधूनमधून ताप, सकाळी न वळणारी बोटं. वयाच्या नावावर तिने ते खपवलं होतं. "किरकोळ."

"डॉक्टरांना दाखव. आणि हे घराण्यातून आलं असेल तर भावंडांनाही तपासायला हवं. आहे कुणी?"

"धाकटा भाऊ आहे."

आई गेली त्या आठवड्यात ताई "उद्या निघते, उद्या निघते" म्हणत प्रयोगशाळेत पेशी वाढवत बसली होती. पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. दारातच भाऊ म्हणाला होता, "जा, पेशी सांभाळ तुझ्या." त्याला सहा वर्षं झाली. नंतर चकार शब्द नाही.

फोन करण्याआधी तिने बोलायची वाक्यं कागदावर लिहून काढली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी येऊ?"

आला. केस पिकले होते. ताईला शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं.

"दुखलं?"

"नाही गं."

"चहा घेतोस?"

"नको. गाडी चुकेल."

तिसऱ्या दिवशी त्याचा आकडा आला. एकशे अठ्ठ्याण्णव. तिला हायसं वाटलं. म्हणजे हे एकट्या तिच्याच वाट्याला. आईकडून आलं की बाबांकडून, विचारायला दोघंही नव्हती.

"तुझं उत्तम आहे," तिने मेसेज केला.

"आणि तुझं?"

"निम्मं. सकाळी बोटं वळत नाहीत, एवढंच."

 उत्तर आलं, "आईचंही तसंच व्हायचं. मी तेल चोळून द्यायचो."

हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"कुठलं तेल?" तिने विचारलं.

तो काहीतरी लिहीत असल्याचं पडद्यावर दिसलं, मग थांबलं, मग पुन्हा दिसलं. ताई फोन हातात धरून बसून राहिली.