काळ्या द्राक्षांचं हिरवं विष

बालवाडीच्या जेवणघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. पालक बाकांवर उभे राहून माना उंचावत होते. टेबलावरच्या काचेच्या भांड्यात विषहर महाराजांनी काळी द्राक्षं सोडली, चिमूटभर पांढरी भुकटी टाकली, हात फिरवला आणि पाणी बघता बघता हिरवं झालं.

"बघा, आयांनो! फवारणीचं जहर! रोज तुमच्या लेकरांच्या पोटात जातं ते हे! आता नळाखाली धुवायला नको, सोलायला नको. एक चिमूट, की फळ शुद्ध!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आईला तर रडूच कोसळलं.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. वीस वर्षं इथली फळं त्यांच्याच हाताखालून जात होती. वाहत्या नळाखाली चोळून धुवायची, सोलण्यासारखी असतील ती सोलायची, मगच ताटात. आज बालवाडीच्या मुख्य, मोठ्या बाई, यांनी तो शिरस्ता मोडला होता. खरं सांगायचं तर मावशींनीही महाराजांची पुडी आठ दिवसांपूर्वीच घरी नेली होती. त्यांच्याकडे पाणी कधी हिरवं झालंच नाही. आपल्या द्राक्षांत विष नाही, म्हणून त्या खूशही होत्या.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. सकाळी द्राक्षांची पेटी टाकताना टेम्पोवाला बोलून गेला होता, "मावशी, परवाच फवारलाय माल. पंधरा दिवस थांबायचं सोडून मालकानं तोडलाच." मावशींनी हे मोठ्या बाईंच्या कानावर घातलं, तर उत्तर मिळालं, "महाराज आहेत ना!"

साठ मुलं ताटं घेऊन बसली होती. "पहिलं द्राक्ष कोण खाणार?" महाराजांनी विचारलं. टुणकन उठली ती मावशींची चार वर्षांची नात, भिंगरी.

मावशी झटकन टेबलापाशी आल्या. त्यांची नजर महाराजांच्या बोटांवर खिळली. ते एकेक द्राक्ष देठापासून ओरबाडून पाण्यात टाकत होते. धुण्याआधी देठ तोडणं मावशींना मुळीच खपत नसे. फळाचं तोंड उघडं पडतं. त्या कात्रीनं देठासकट कापायच्या, घरीसुद्धा. आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. तेवढ्यात महाराजांनी एक द्राक्ष भिंगरीच्या हातात दिलं.

"भिंगरे, टाक ते खाली! तोंडात घालू नकोस!"

द्राक्ष ओठांपाशी थांबलं. मोठ्या बाई डोळे वटारून म्हणाल्या, "मावशी, नोकरी नकोय का तुम्हाला?"

"नंतर काढा मला. आधी हे बघा." मावशींनी त्याच घोसातली द्राक्षं देठासकट कापली, दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यात टाकली, वर महाराजांचीच भुकटी घातली. सगळे वाकून बघत होते. एक मिनिट झालं, दोन झाली. पाणी जसंच्या तसं.

"यात विष नाही, बाई," महाराज घाम पुसत म्हणाले.

"एकाच घोसातली निम्मी विषारी आणि निम्मी सोवळी? भलतीच शहाणी द्राक्षं!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मावशींनी भुकटी बोटांत चोळून पाहिली. सोड्यासारखाच बुळबुळीतपणा! त्यांनी मोरीतला भांडी घासायचा सोडा आणला आणि तिसऱ्या भांड्यातल्या पाण्यात देठ तोडलेली द्राक्षं टाकून त्यांवर घातला. पाणी हिरवं. मग महाराजांच्या भांड्यात लिंबू पिळलं. फेस आला, हिरवं पाणी लालसर झालं.

"घ्या, विषाचं सरबत! अहो, देठ तुटलं की रस गळतो. काळ्या द्राक्षाचा रंग सोड्यानं हिरवा होतो, लिंबानं लाल. द्राक्षाची भांडी घासताना रोज बघते मी. न फवारलेलं द्राक्षही हेच करील."

महाराज पुड्या गोळा करू लागले. पालकांनी दार अडवलं.

"मग नळाखाली धुऊनच वाढा," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

"नाही बाई. चोळून धुतलं की सालीवरचं बरंचसं जातं, सोललं की आणखी जातं. पण आत मुरलेलं कुठलंच पाणी काढत नाही. ही पेटी मुलांना द्यायची नाही. आज केळी."

मावशींनी भिंगरीला जवळ ओढलं. तिच्या मुठीतलं द्राक्ष काढून घेतलं.

"आठ दिवस मी हिला न धुतलेली द्राक्षं चारली," त्या पालकांना म्हणाल्या. "पाणी स्वच्छ दिसलं, एवढ्यावर. वीस वर्षं फळं धुणारी बाई मी, पण हा रंग येतो कुठून, हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारत जा. कुणीही काहीही दाखवलं, तरी विचारत जा."