वाचवलेला धूर

सिमेंटच्या कारखान्यात धूळ गाळायच्या पिशव्या सांभाळण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. माणसाहून उंच कापडी पिशव्या, एकूण नऊशे साठ. भट्टीचा धूर त्यांतून जातो, धूळ कापडावर अडते आणि धुराड्यातून निघतं ते बऱ्यापैकी साफ. पिशवीला करंगळीएवढं भोक पडलं तरी मीटरच्या आधी मला कळतं. बायको म्हणते, घरातला नळ वर्षभर गळतोय, तो बरा नाही कळत!

यंदा कारखान्यानं माझा सत्कार केला. सरकारनं प्रत्येक कारखान्याला वर्षाकाठी किती धूळ सोडायची त्याचा वाटा ठरवून दिलाय. आम्ही आमच्यातला निम्माच वापरला. टाळ्या झाल्या, साहेबांनी हात मिळवला. मी चांगलाच फुगलो, खोटं कशाला बोलू?

नंतर चहाला हिशेबनीस शेजारी येऊन बसले. दोन दशांश स्थळं सांगितल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही, म्हणून आम्ही त्यांना दशांश म्हणतो.

"तुमच्या जिवावर यंदा बासष्ट पॉइंट तीन सात लाखांची कमाई झाली हं," दशांश म्हणाले. "उरलेला वाटा विकला."

"धूर विकला?"

"धूर सोडायचा हक्क. नदीपलीकडच्या काचकारखान्यानं सगळा घेतला. त्यांना गाळणी बसवायची तर केवढा खर्च! त्यापेक्षा आपल्याकडून घेणं स्वस्त. सगळं कायद्यात बसतं."

मी कप खाली ठेवला. त्या काचकारखान्याच्या मागच्याच गल्लीत माझी लेक राहते. घर घेताना तिनं मला विचारलं होतं आणि मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, "घे बिनधास्त. नवा नियम आलाय, दोन वर्षांत त्यांना गाळणी बसवावीच लागेल." धुराड्यातलं मला सगळं कळतं, त्याच्या बाजारातलं ओ की ठो कळत नाही. आज नात चार वर्षांची आहे. खिडक्या बंद ठेवूनही श्वास घेताना पोरीच्या बरगड्या मोजता येतात.

मी साहेबांकडे गेलो. पुढच्या वर्षी विकू नका म्हणून हात जोडले. साहेब माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडे वाटा उरत नाही, म्हणून तर आपल्याला भाव मिळतो. आणि त्याच पैशातून तुमच्या नव्या पिशव्या येतात. विकायचं नाही तर त्या आणायच्या कशातून?"

रविवारी लेकीकडे गेलो. ती नातीच्या तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ देत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मग थोड्या पिशव्या फाटक्याच राहू द्या ना. तुमच्याकडे उरलंच नाही, तर त्यांना गाळणी घ्यावीच लागेल."

"अगं, आमच्या धुराड्याखाली शाळा आहे. तिथंही लहान मुलंच आहेत."

"असतील. तुमची आहेत का ती?"

आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, असं हसून म्हणायची सोय नव्हती. मास्कवरून नात माझ्याकडेच बघत होती.

बुधवारी एक अख्खी रांग गेली. वर चढून बघितलं तर चाळीस पिशव्या, शिवणीतच उसवलेल्या. मला काही करायचं नव्हतं, नुसतं काही न करता खाली उतरायचं होतं. वहीत 'ठीक' लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं, इतके आम्ही मर्यादेच्या आत होतो. बराच वेळ मी तिथंच बसलो. शाळेची मधली सुट्टी झाली, पोरांचा कालवा वरपर्यंत आला. मग उठलो आणि एकेक पिशवी बदलायला लागलो. शेवटाला हुंदका आवरेना. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि स्वतःचा इतका रागही कधी आला नव्हता.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, काही केलंत का?"

"हो," मी म्हणालो. "एक अख्खी रांग फाटली होती. तशीच ठेवली."

ती रडायलाच लागली. "मला माहीत होतं तुम्ही कराल. आता बसेल ना हो त्यांची गाळणी?"

"बसेल. थोडा वेळ लागेल."

"लागू दे. परवा एक जण घर बघून गेला, निम्म्या भावात मागतोय. हे म्हणत होते, देऊन टाकू आणि निघू इथून. आता त्याला नाही म्हणून कळवते. राहू इथंच."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "बरं."