हर्षगुरूंचा चौरंग

सौदीतल्या हुफूफच्या आमच्या कंपाउंडमध्ये त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्या-नाशिकचे इंजिनिअर, त्यांच्या बायका, वर धरलेले मोबाइल. मधोमध एक चौरंग, त्यावर हळदीकुंकू लावलेला ड्रोन आणि शेजारी पांढऱ्या कुडत्यात हर्षवर्धनगुरू. ‘आकाशतत्त्व साधना : स्वतःचा ड्रोन व्यवसाय’ असा त्यांचा वर्ग होता. ड्रोन उडवायला शिकवण्याचा भाग त्यात सगळ्यात कमी.

गुरूंनी ड्रोन चौरंगावरून उडवला, पार मैदानाच्या टोकाला नेला आणि रिमोट चक्क बंद करून पुढे बसलेल्या शिष्याच्या, श्रीकांतच्या हातात दिला.

“यंत्राला आज्ञा नको असते, आपुलकी हवी असते! पायलट व्हायला बोटं लागत नाहीत, संकल्प लागतो. मिटा डोळे. म्हणा, ये बाळा, ये!”

“ये बाळा, ये!” डिग्र्यांवर डिग्र्या घेतलेली माणसं एका सुरात म्हणाली. ड्रोन घरघरत आला आणि अलगद चौरंगावर बसला. बायकांनी डोळे पुसले. एका केमिकल इंजिनिअरने तर ड्रोनला वाकून नमस्कार केला. मला हसू आवरेना.

श्रीकांतला मात्र हसणं परवडणारं नव्हतं. कंपनीने त्याला कमी केलं होतं, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता. इथे खजुराचा व्यापार करणाऱ्या रत्नागिरीच्या जमालुद्दीनभाईंनी शब्द टाकून एका बागमालकाला तयार केलं होतं. खोडांना कीड लागली होती. ड्रोनने पाहणी करून दाखवायची. परवान्याचं मालक बघणार, आणि काम आवडलं तर श्रीकांतचा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदारही तोच होणार. नाही तर कुटुंबाने सामान बांधायचं. श्रीकांतची मुलगी नूपुर दहावीला, माझ्याच वर्गात. मी तिला फिजिक्स शिकवते.

“श्रीकांत, ड्रोन उडवणाऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर जाऊन जरा हात बसव रे,” मी म्हटलं.

“ताई, गुरू म्हणतात, सराव म्हणजे शंका. आणि माझा ड्रोन त्यांनी स्वतः सिद्ध करून दिलाय.”

पुढचं मला भाईंनी सांगितलं. वाळू मोटरमध्ये जाऊ नये म्हणून ड्रोन पिकअपच्या मागच्या फळीवरून उडवतात. श्रीकांतनेही तसाच उडवला. मग मालकाने त्याला चालत बागेच्या दुसऱ्या टोकाला नेलं. शेंड्यांखालून, दोन ओळींमधून पाहणी छान चालली होती. मालक मान डोलावत होता. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण मालकाला भारून टाकावं म्हणून श्रीकांतने रिमोट बंद केला, डोळे मिटले आणि बाळाला हाक मारली.

बाळ त्याच्याकडे आलंच नाही. ते पिकअपच्या दिशेने सरळ रेषेत निघालं, मधल्या एका खजुरावर धडकलं आणि खालच्या दगडी पाटात फुटलं.

“शेख काय ओरडला नाय,” भाई म्हणाले. “नुसता ‘खलास’ बोलला नि गेला. आता माझ्या शब्दाला तरी काय किंमत रवली, टीचर?”

पुढच्या शुक्रवारी मी वर्गाला गेले. गुरूंनी ड्रोन उडवून, लांब नेऊन रिमोट बंद केल्याबरोबर मी चौरंग उचलला आणि लांब कोपऱ्यात नेऊन ठेवला.

“गुरुजी, इथे या ना. आपुलकी इथूनही पोचेल की!”

सगळे बघत होते, त्यामुळे त्यांना यावं लागलं. हाका झाल्या. ड्रोन आला आणि उघड्या फरशीवर, चौरंग होता त्याच जागी उतरला.

“उडताना हे यंत्र ती जागा उपग्रहावरून टिपून ठेवतं,” मी सांगितलं. “रिमोटशी संपर्क तुटला की ठरवलेल्या उंचीवरून सरळ तिथेच परत येतं. डोळे मिटा नाही तर शिव्या घाला, ते येणारच. ती उंची गुरूंनी आपल्या कंपाउंडच्या भिंतीपुरती लावून दिली होती. बागेतले खजूर त्याहून उंच होते. बस, एवढंच ते सिद्ध करणं!”

मला वाटलं, जिंकले.

“पाहिलंत?” गुरू हसले. “मी तिथे नसतानाही यंत्राने माझं आसन ओळखलं. आता ती जागाही सिद्ध झाली!”

टाळ्या पडल्या. नमस्कारवाल्या केमिकल इंजिनिअरने चौरंग उचलून पुन्हा जागेवर ठेवला. कुणीतरी उदबत्ती लावली.

श्रीकांतकडे गेले तेव्हा बॅगा भरून झाल्या होत्या. मी सगळं पुन्हा समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“असेल ताई. पण त्या क्षणी माझ्या मनात शंका आली होती. म्हणूनच तो पडला.”

नूपुर पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. वर न बघता म्हणाली, “आय टोल्ड हिम, मॅम. हाउ इट कम्स बॅक, एव्हरीथिंग. ही सेड, शंका घेऊ नकोस.”

संतापाने मला रडूच आलं. त्या घरात खरं काय ते एका मुलीला ठाऊक होतं, आणि गप्प तिलाच बसवलं होतं.

गुरूंचा वर्ग अजून दर शुक्रवारी भरतो, मला आता आत घेत नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी चौरंग हलवून बघा. आणि घरात कुणी शंका विचारली, तर कृपा करून तिला बोलू द्या.