बर्काहुम

"हे नाव? माझ्या लेकीला?" बाळंतीण नसीमा गादीवर उठून बसली. "आमच्या आन्नाबा शहरात टोमॅटोवाल्याला म्हणतात ते. बर्काहुम, बास झाले, पिशवी भरली!"

बायका खो खो हसल्या. बर्काहुमही हसली. ती परातीत भाजलेल्या रव्यात मध-लोणी कालवत होती. बाळाच्या नावाच्या, सातव्या दिवसाची ही तमिना तिनंच करायची, असं ठरूनच गेलं होतं. नसीमाचा नवरा मबरूक हा तिचा धाकटा भाऊ, तिच्याच कडेवर वाढलेला. म्हणून त्याला पहिल्या लेकीला बहिणीचं नाव द्यायचं होतं. ते बाळाच्या कानात सांगायचा मान आजोबांचा, म्हाताऱ्या लख्दरचा.

"हसू नका गं," शेजारची यमीना मावशी म्हणाली. "आमच्या डोंगरात गल्लोगल्ली बर्काहुम आहेत. पोरीवर पोरी झाल्या की हेच ठेवतात. देवाला कळतं, आता पुरे. आणि गुण येतो! हिच्या पाठीवर मबरूक नाही का झाला?"

दाराशी बसलेल्या लख्दरनं मान खाली घातली. आजवर हजारदा मारलेली हाक त्यानं आज पहिल्यांदा ऐकली. बर्काहुमच्या वेळी सुईण बाहेर आली तेव्हा पोरीचं तोंडही न बघता तो हे बोलून बसला होता, तेही चिडून. त्याला स्वतःची लाज वाटली. हे नाव घेऊन पोर शाळेत गेली, सासरी गेली, विधवा होऊन परत आली, आणि एकदाही कुरकुरली नाही.

मबरूकनं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. "बाबा, सांगा नाव."

लख्दरनं मुलीकडे बघितलं. "तू सांग. काय ठेवू?"

बर्काहुमचा हात परातीत थांबला. "मी? मला कोण विचारतंय!" मग हळूच म्हणाली, "हनिया. सुखात राहील."

त्यानं बाळाच्या कानाशी तेच म्हटलं. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. त्या गलक्यात त्यानं विचारलं, "तुझंही बदलायचं का गं?"

"आता? दुसऱ्या नावानं बोलावलंत तर मी ओ तरी देईन का, बाबा?" तिनं बाळ उचलून नसीमाकडे दिलं आणि वाट्या घेऊन बायकांत गेली.

सगळ्यांना तमिना मिळाली. म्हाताऱ्याला द्यायची राहिली. ती पाठमोरी उभी होती, हाकेच्या अंतरावर. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती आपणहून वळेपर्यंत तो रिकाम्या हातांनी बसून राहिला.