मोकळ्या तारा

सरांनी जुन्या वह्यांचा गठ्ठा चिमणीच्या पायांखाली सरकवला, तेव्हा कुठे तिचे पाय टेकले. चेलोमागे ती दिसत होती ती दोन वेण्या आणि एक कपाळ, एवढीच.

समोरच्या पानांवर तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं बरोक नृत्यसंगीत होतं. मूळ रचनेला मोठ्यांचाच हात हवा, म्हणून सरांनी शाळेच्या वाद्यवृंदासाठी ती नव्याने मांडली होती. चिमणी येऊन जेमतेम महिना झाला होता. तिला तारेवर बोटं ठेवता येत नाहीत म्हणून त्यांनी गेल्या आठवड्यात अख्खी रचनाच एक सूर वर चढवली. आता तिचं नुसत्या मोकळ्या तारांवर भागणार होतं. बाकीच्या अठराजणांना मात्र सगळं पुन्हा बसवावं लागलं. सर्वांत जास्त कुरकुर केली ती पहिल्या व्हायोलिनवरच्या तिच्या सख्ख्या दादाने.

आजची तालीम शेवटची. सरांचा जुना नियम सगळ्यांना पाठ होता: आज जो चुकेल तो शनिवारी मंचावर नाही, प्रेक्षकांत.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी दादाने गज खाली घेतला.

"सर, हिने बोट ठेवलं. पानावर मोकळी तार आहे, मी पाहिलंय."

वाजवणं थांबलं. चेलोमागचं कपाळ आणखी खाली गेलं.

"का ठेवलंस गं?" सरांनी विचारलं.

"मोकळी तार तिथे दादाच्या सुराशी भांडते," चिमणी पुटपुटली. "बोट ठेवलं की भांडण मिटतं."

सरांनी चष्मा पुसला आणि जुनं पान नव्या पानाशेजारी धरलं. सगळे सूर एकेक पायरी वर गेले होते, हा एकटाच जागचा हलला नव्हता. जुन्या पानावरच मोकळी तार दिसली, म्हणजे हिची सोय झाली, असं समजून त्यांची पेन्सिल पुढे सरकत राहिली होती.

त्यांनी दोघांना ती जागा दोन्ही तऱ्हांनी वाजवायला लावली. दुसऱ्या वेळी दादाने मान वळवून बहिणीच्या बोटाकडे पाहिलं.

"हे कधी शिकलीस?"

"तू चिडवून खेळायला जायचास, तेव्हा."

मागच्या रांगेत खसखस पिकली. सरांनी हात वर करून ती थांबवली.

"चूक माझी आहे. म्हणजे शनिवारी मी प्रेक्षकांत."

हशा झाला, पण सर हसत नव्हते. ही रचना लिहिली गेली त्या काळी पुढे उभं राहून हात हलवणारा बहुधा नसायचाच, पहिला व्हायोलिनवाला मानेने इशारा द्यायचा, हे त्यांनी दादाला समजावलं. दादाने एकदम पाठ ताठ केली.

मग सरांनी कानावरची पेन्सिल काढून चिमणीला दिली.

"तूच दुरुस्त कर."

जीभ बाहेर काढून तिने जुना सूर खोडला, नवा काढला. तोवर सर समोरच्या रिकाम्या खुर्च्यांतून फिरून तिसऱ्या रांगेतल्या एकीवर बसूनही पाहून आले होते. पेन्सिल परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

चिमणीने ती दिली नाही. तिने पान उलटलं.

"सर, इकडे अजून एक आहे."