मास्तरांनी दडवलेलं पुस्तक

बेलापूरच्या मराठी शाळेत मार्तंड मास्तरांना वीस वर्षं झाली होती. कोर्टाचा कागद असो की सोयरिकीचं पत्र, गाव आधी त्यांच्या ओसरीवर यायचं. सेहेचाळीस साली सहादेवचा सूर्यभान नगरच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिकला बसला, तेव्हा पुण्याच्या कॉलेजातून मागवलेलं माहितीचं पुस्तकही मास्तरांच्याच पत्त्यावर आलं.

"आमा शेतकऱ्याला त्यातलं काय कळतंय?" सहादेव म्हणाला. "पोराला डाक्टर करायचं हाय. तुमी सांगाल तसं."

मास्तरांनी पुस्तक उघडलं. सगळं इंग्रजीत! मास्तर शिकलेले मराठी सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, आकडे आणि महिन्यांची नावं लागायची; वाक्य लागत नव्हतं. हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली. एका ठिकाणी 'वीस जून' दिसलं.

"वीस जूनपर्यंत मुदत आहे," ते म्हणाले. "निकाल लागू दे, मग पाठवू. आधी बी.ए. करायचं, मग डॉक्टरी." आणि मागच्या फॉर्मवर त्यांनी 'आर्ट्स'पुढे खूण केली.

बापामागे उभ्या असलेल्या सूर्यभाननं हात पुढे केला. "गुरुजी, मी एकदा वाचू का?"

"तुला कशाला ही उठाठेव?" मास्तर जरा जोरातच बोलले. पोरानं वाचलं तर आपलं बिंग फुटेल, या भीतीनं पुस्तक ट्रंकेत गेलं.

निकाल लागला, सूर्यभान पास झाला. गावात साखर वाटली गेली. पण मास्तरांना घास गोड लागेना. वीस जून अजून लांब आहे, असं स्वतःला समजावत त्यांनी अर्ज ट्रंकेतच राहू दिला.

मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकणारी त्यांची मुलगी इंदू सुट्टीला आली होती. एका दुपारी ती कपड्यांना ऊन द्यायला ट्रंक उपसत बसली आणि पुस्तक तिच्या हाती लागलं.

"अण्णा, सूर्यभानदादाचा अर्ज गेला ना? इथे लिहिलंय, निकालानंतर आठ दिवसांच्या आत."

"आणि वीस जून?"

"त्या दिवशी कॉलेज उघडतं."

निकालाला सहा दिवस झाले होते.

मास्तर मटकन खाली बसले. गप्प राहिलं तर? जागा भरल्या म्हणून सांगायचं. सहादेव कुणाला विचारणार? हा विचार आला तसा त्यांना घाम फुटला. कारण तो अगदी सोपा होता. अब्रू वाचत होती, आणि पोराचं आयुष्य जात होतं. त्यांनी पुस्तक काखोटीला मारलं आणि ते शेताकडे निघाले.

सहादेव उसात पाण्याची दारं धरत होता. हातात खोरं.

"सहादेवराव, मला इंग्रजी वाचता येत नाही. मी अंदाजानं सांगितलं. मुदत परवा संपते."

वाफा भरून पाणी बाहेर वाहू लागलं तरी सहादेव हलला नाही.

"पोरानं पुस्तक मागितलं हुतं," तो अखेर म्हणाला. "तवा का न्हाई दिलं?"

"भीती वाटली."

"आन आता?"

"आता जास्त वाटतेय."

सहादेवनं खोरं बांधावर टाकलं. "सूर्यभान! कापडं घाल. गाडी धरायची हाय."

मास्तरही बरोबर निघाले. रेल्वेच्या डब्यात सूर्यभाननं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. एकाएकी तो थांबला. "गुरुजी, आर्ट्सकडून डॉक्टरीला जाता येत नाही. सायन्स घ्यावं लागतं. दोन वर्षं, त्यातही जीवशास्त्र." पोरानं खूण खोडून दुसरीकडे केली. गाडीच्या धक्क्यानं शाई पसरली. दौंडला पुढची गाडी चुकली, आणि पुण्यात पोचेपर्यंत सातव्या दिवशीची कचेरी बंद झाली होती. ते कॉलेजच्या खिडकीशी पोचले, तो आठवा दिवस होता.

कारकुनानं फॉर्म उजेडात धरला. "ही खाडाखोड कुणी केली? असा अर्ज चालत नाही."

"चूक माझी," मास्तर म्हणाले. मागे रांगेत शहरातले आईबाप उभे होते. "मी मास्तर आहे, पण मला इंग्रजी येत नाही. मुलाला शिक्षा नको."

कुणीतरी हसलं. कारकून फॉर्म घेऊन आत प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेला. परत आला तो सूर्यभानला घेऊन गेला, आणि दार लागलं.

सहादेव दाराकडे तोंड करून उभा होता. मास्तरांना त्याच्या पाठीकडेसुद्धा बघवेना. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा खुर्ची सरकली, आणि मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

सूर्यभान बाहेर आला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता. "घेतलं," तो म्हणाला. "सायन्सला. वसतिगृहात मात्र जागा नाही."

"ऱ्हाशील कुटंबी," सहादेव म्हणाला आणि पायरीवर बसून त्यानं उपरण्यानं तोंड झाकलं.

परतीच्या गाडीत बेलापूर जवळ आलं तेव्हा सहादेवनं विचारलं, "गावात काय सांगायचं?"

"झालं ते सांगा," मास्तर म्हणाले.

सहादेवनं मान डोलावली. गाडी मंदावू लागली. फलाटावर ओळखीचे चेहरे दिसू लागले, आणि मास्तरांना उतरायचा धीर होईना.